'एक्समस'मधला एक्स

डिसेंबर उजाडला, की दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजीत 'ख्रिसमस'ऐवजी 'एक्समस' दिसू लागतं. ख्रिस्ताचं नाव काढून तिथे फुली मारली, असं वाटून अनेक भाविक दुखावतात. पण ती फुली नव्हे. ते 'खी' हे ग्रीक अक्षर आहे आणि ग्रीकमध्ये ख्रिस्त हे नाव त्याच अक्षरानं सुरू होतं.

नव्या कराराच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांत देव, येशू, ख्रिस्त ही नावं आदरानं मोजक्या अक्षरांत लिहून वर आडवी रेघ देत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात 'बुक ऑफ केल्स' हा इ.स. 800च्या सुमाराचा ग्रंथ आहे. त्यात मत्तयच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची हकीकत सुरू होते, तिथे ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं पानभर वेलबुट्टीनं मढवली आहेत. त्या नक्षीत, खालच्या बाजूला, मांजरं आणि उंदीरही आहेत! नाव पुसायचं असतं, तर कुणी एवढा जीव ओतला नसता.

इंग्रजांच्या 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या बखरीतल्या सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या नोंदीतही सणाचं नाव ग्रीक अक्षरं घेऊनच येतं.

तरीही औपचारिक पत्रात किंवा बातमीत पूर्ण इंग्रजी नाव लिहिणंच बरं. पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं हवं. मधला 'टी' बोलताना ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना हमखास गळतो. तो विसरू नका. जागा अपुरी असेल, तर छोटं रूप खुशाल वापरा, मात्र वाचताना 'ख्रिसमस' असंच वाचा.