खोल जायच्या आधी

पंचगंगेत पोहून तयार झालेली आपली कोल्हापूरची पोरं मालवण-तारकर्लीला एकदा स्कूबा करतात आणि लगेच ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कोर्स कुठं होतो विचारतात. जरा दमानं घ्या. त्या पहिल्या डाइव्हमध्ये प्रशिक्षकानं तुम्हाला धरलेलं असतं.

ओपन वॉटर कोर्सची मर्यादा १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्डची ३०. तिथं दाब वरच्यापेक्षा चौपट, म्हणून सिलिंडरमधली हवाही चौपट वेगानं संपते. आणि पोहताना लागलेली श्वास रोखायची सवय इथं जिवावर बेतते, कारण वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते.

म्हणून आधी उथळ पाण्यात मास्कमधलं पाणी काढणं, सुटलेला रेग्युलेटर परत तोंडात घेणं, हात न मारता एका जागी तरंगणं, हे अंगवळणी पडू दे. न घाबरता जमलं, की मग खोलात जा. समुद्र कुठं पळून जात नाही!