मोकळी राहिलेली तार

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी बी.ए., बी.एड., म्हणजे भाषेचा शिक्षक. मी विजेच्या सर्किटवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु विज्ञान मंडळाच्या मुलांबरोबर यंदा मीही थोडे शिकलो, ते आपणांपुढे ठेवतो.

आम्ही ० ते ९ आकडे ओळीने दाखविणारे सर्किट ब्रेडबोर्डवर जुळविले. पूर्वी रेडिओचे हौशी लोक पाव कापण्याच्या लाकडी फळीवर जुळणी करीत, त्यावरून हे नाव पडले. आजचा बोर्ड प्लॅस्टिकचा असतो. मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंस पाच-पाच भोकांचे गट आतून जोडलेले असतात. डाख द्यावा लागत नाही. चूक झाली तर तार उपसून पुन्हा लावता येते.

आकडा सात पट्ट्यांचा असतो. सातही पेटल्या की ८, उजवीकडच्या दोनच पेटल्या की १. कोणत्या पट्ट्या पेटवायच्या हे ४०२६ ही आय.सी. ठोके मोजून ठरविते. ठोके देते ती ५५५ ही आय.सी.; हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ साली तिची रचना केली. तिला १० व ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की सेकंदाला सुमारे एक ठोका मिळतो. प्रत्येक पट्टीच्या वाटेत ४७० ओहमचा रेझिस्टर, आणि ९ व्होल्टची बॅटरी. एवढेच सामान.

पहिल्या दिवशी आकडे नीट चालेनात. ३ वरून एकदम ०. कोणी हात जवळ नेला की पुन्हा ०. मुले म्हणाली, "सर, आय.सी. खराब आहे." मीही म्हणालो, नवी आणू.

नववीतील एक मुलगी म्हणाली, "सर, दोरा तुटला म्हणून अम्मी शिलाई मशीन बदलत नाही. रिळापासून सुईपर्यंत दोरा बघत जाते." तिने आय.सी.चे सोळा पाय एकेक करून आकृतीशी ताडून पाहिले. पंधरावा पाय कोठेच जोडलेला नव्हता. आकडा शून्यावर आणणारा पाय तोच.

आम्हांस वाटले होते, काही जोडले नाही म्हणजे तेथे काही नाही. तसे नसते. या आय.सी.चा मोकळा पाय आसपासच्या विजेची चाहूल घेतो आणि तिलाच हुकूम समजतो. बोटभर तारेने तो पाय बॅटरीच्या ऋण बाजूस जोडला आणि आकडे शिस्तीने चालू लागले.

पालकहो, मुलाच्या प्रश्नाला आपण "नंतर बघू" म्हणतो. प्रश्न तेथे संपत नाही. उत्तर ते मूल कोठून तरी घेतेच. बरे की वाईट, ते मग आपल्या हाती राहत नाही. ही मुलगी पुढच्या वर्षी दहावीत जाईल. अशा मुलींबद्दल "दहावीनंतर पाहू" असे कित्येक घरांत म्हटले जाते. माझी विनंती एवढीच, की तो विचार मोकळा सोडू नका. आजच तिच्याशी बोला, तिला काय शिकायचे आहे ते विचारा.

सर्किट बाहेरच्या टेबलावर मांडले आहे. पंधराव्या पायाची तार आपल्या हाताने काढून पाहा. मग काय होते व का होते, ते मुलेच सांगतील.