कंबर, कर्ज आणि ऑपरेशन

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचे आहे. ते बोलूच. पण आधी कंबरेबद्दल बोलू, कारण घर जसे भावात बुडते तसे दवाखान्यातही बुडते.

मागच्या हंगामात आमचा एक जुना कार्यकर्ता घरी आला. कंबर धरलेली, काखेत एमआरआयची पिशवी. एका खासगी दवाखान्यात त्याला सांगितले होते, "गादी सरकली, ऑपरेशन करून टाका." बैलजोडीचा सौदा ठरवूनच तो आला होता. दुखणे सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते!

आम्ही डॉक्टर नाही, शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे. जाणकार डॉक्टरांकडून समजून घेतले तेच सांगतो. पण कॉलेजाने एक गोष्ट पक्की शिकवली. कपाशीवर एक बोंडअळी दिसली म्हणून पंप पाठीवर घ्यायचा नसतो. शंभरात पाच-दहा पात्या-बोंडे किडलेली दिसली, की मगच फवारणीचा खर्च परवडतो. मणक्याच्या ऑपरेशनचेही तसेच आहे. फिल्ममध्ये काय दिसते एवढ्यावर ते ठरत नाही. माणसाला काय होते आहे, त्यावर ठरते.

१९९४ साली अमेरिकेत एक तपासणी प्रसिद्ध झाली. कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. वय वाढले की केस पिकतात, तशा गाद्याही झिजतात. केस पिकले म्हणून कोणी ऑपरेशन करतो का?

नुसती कंबर धरली असेल तर ती बहुधा काही आठवड्यांत सुटते. खाटेवर पडून राहू नका, झेपेल तसे चालत राहा. गादीने शीर दाबली तर कळ कुल्ल्यातून गुडघ्याखाली, पावलापर्यंत उतरते. तीही बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत ओसरते, कारण सरकलेला भाग शरीर हळूहळू जिरवते.

तरीही कळ थांबली नाही तर? २००७ साली हॉलंडमधल्या डॉक्टरांनी अशा २८३ रोग्यांचा निष्कर्ष मांडला. सहा ते बारा आठवडे पायात जबर कळ असलेले हे लोक. काहींचे ऑपरेशन लगेच केले, काहींना थांबवले. लगेच केलेल्यांना आराम लवकर पडला. पण वर्षाअखेर दोन्हीकडे शंभरातले सुमारे ९५ बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी दहातल्या चौघांना पुढे ऑपरेशन करावे लागले, बाकीच्यांना लागले नाही. म्हणजे ऑपरेशन खोटे नाही. कळ सोसवत नसेल, काम बंद पडले असेल, तर ते जरूर करावे. पण ते पायाच्या कळेवर चालते. नुसत्या कंबरदुखीवर त्याचा भरवसा कमी.

आता थांबायचे केव्हा नाही, ते नीट ऐका.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा आणि जांघ बधिर झाली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. तिथे तासांचा हिशेब असतो.

पायातून चप्पल निसटते, टाचेवर चालता येत नाही, जोर रोज कमी होतो, तर एक-दोन दिवसांत मणक्याच्या डॉक्टरला दाखवा.

ताप येतो, वजन घटते, पूर्वी क्षय किंवा कर्करोग झाला आहे, झाडावरून वा ट्रॅक्टरवरून पडलात, तर लगेच तपासणी करा. मणक्याचा क्षय पुष्कळदा औषधांनीच बरा होतो, पण औषध पुरे घेतले तर.

आमच्याच एका गावातल्या बहिणीची लघवी अडली. लाजेपोटी ती बोलली नाही, घरचे चार दिवस कंबरेला मालिश करत राहिले. आज तिची लघवीची नळी सुटलेली नाही. म्हणून मायबहिणींनो, हे सांगायला लाजू नका. आणि पुरुषांनो, घरात विचारायला लाजू नका.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. कोणती शीर दाबली आहे, आणि माझे दुखणे तिच्याशी जुळते का? सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल? ऑपरेशनने पायाची कळ जाईल की कंबरेचीही? घाईचे लक्षण नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजात दुसरे मत घ्या. सावकाराच्या दारी जाण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठून आपले ऑपरेशन यादीत बसते का, ते विचारा.

त्या कार्यकर्त्याला आम्ही तिथेच टाचेवर चालायला लावले. चालला. लघवी ठीक होती. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या, चालायला सांगितले. दोन महिन्यांनी कळ गेली. पोते तो अजून उचलत नाही, पण आज इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि बैल गोठ्यात आहेत.

प्रत्येक गावच्या शाखेने धोक्याची ही लक्षणे आपल्या फलकावर लिहावीत. पुढच्या बैठकीला आम्ही विचारणार आहोत, किती गावांनी लिहिली. आता कापसाकडे वळू.