नकाशा पुराआधी हवा!



कृष्णाकाठच्या माणसांना पूर समजावून सांगण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर आले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे सांगलीतील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. माझा प्रश्न एवढाच आहे की, पुलापाशी ४५ फूट म्हणजे माझ्या दाराशी किती, याचे उत्तर आपल्यापैकी किती जणांना देता येईल?

पातळीचा आकडा साऱ्या शहराला एकच सांगितला जातो. त्याचा अर्थ मात्र गल्लीगणिक बदलतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या नदीकाठच्या वसाहतींत पाणी आधी शिरते. इतर भागांतील मंडळी स्मरणावर विसंबतात. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेले होते. तेव्हा ज्यांचा उंबरा कोरडा राहिला, त्यांना तीच आपली लक्ष्मणरेषा वाटू लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाण्याने ५७ फूट ओलांडले आणि ती रेषा पुसून टाकली. स्मरण ही मोठी ठेव आहे. पण जे पूर्वी घडलेच नाही, त्याची सूचना स्मरण देऊ शकत नाही.

येथे संगणकावरील नकाशाचा उपयोग आहे. हा नकाशा भिंतीवरच्या नकाशासारखा मुका नसतो. त्यावर आपल्याला खुणा करता येतात, माहितीचे थर चढवता येतात, हवा तो थर दाखवता वा झाकता येतो. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ हा तर २००४ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून घडवलेला नकाशा आहे. आपल्या ‘इस्रो’चे ‘भुवन’ही २००९ पासून सर्वांसाठी खुले आहे. २०१० च्या जानेवारीत हैती देशात भीषण भूकंप झाला, तेव्हा हजारो मैलांवरील स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत नकाशावर उतरवले आणि मदतपथकांनी त्यांचा आधार घेतला. हे काम थोर होते. परंतु परक्या माणसाला आकाशातून रस्ता दिसतो. कोणत्या ओढ्याचे पाणी आधी उलटते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, हे दिसत नाही. ते केवळ शेजाऱ्यालाच ठाऊक असते.

म्हणून प्रत्येक गल्लीने आपला नकाशा आपणच करावा. पहिला थर पाण्याचा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांच्या खुणा घरांच्या भिंतींवर आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून आहेत. त्या गोळा करून ४०, ४५, ५० आणि ५७ फुटांना पाणी कुठवर येते, ते वेगवेगळ्या रंगांत दाखवावे. ६० फुटांचा अंदाज जाणकार अभियंत्याकडून करून घ्यावा. दुसरा थर वाटांचा : कोणता रस्ता कितव्या फुटाला बंद होतो आणि उंचावरची शाळा वा मंगल कार्यालय कोठे आहे. तिसरा थर साधनांचा : नाव, ट्रॅक्टर, दोर, दवाखाना, गुरांसाठी मोकळी जागा. नावेची केवळ खूण पुरेशी नाही. तिच्यात किती माणसे बसावीत, जीवरक्षक जाकिटे किती आहेत, हेही नोंदवावे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे सुरक्षित स्थळी निघालेल्या गावकऱ्यांची नाव उलटली. त्या दुःखाने शिकवलेला हा धडा आहे.

तीन पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. वृद्ध, आजारी आणि एकट्या राहणाऱ्यांची नावे सर्वांसाठी खुल्या नकाशावर टाकू नयेत. ती यादी त्या घरांच्या संमतीने गल्लीतील दोन-तीन विश्वासू कार्यकर्त्यांनी वेगळी जपावी. दुसरे, पुरात वीज जाते आणि पाठोपाठ मोबाईलही मुका होतो. म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा आणि कागदावर छापून चौकात, शाळेत, किराणा दुकानात लावावा. तिसरे, दरवर्षी मे महिन्यात तो हाती घेऊन गल्लीतून प्रत्यक्ष फिरावे. नवी भिंत उठली की पाण्याची वाट बदलते. वर्षभर न तपासलेला नकाशा फसवणारा ठरू शकतो.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण स्थापन करण्याची तरतूद केली आहे. आपला नकाशा त्या कार्यालयास आवर्जून द्यावा. शासनाने आपले कर्तव्य केलेच पाहिजे. पण बचावपथकाची नाव येईपर्यंतचे पहिले काही तास शेजाऱ्यांचेच असतात.

बंधु-भगिनींनो, या कामाला निधी फारसा लागत नाही. एक संगणक, चार-सहा तरुण आणि पूर पाहिलेली दोन वडीलधारी माणसे एकत्र बसली, तर काही रविवारांत एका गल्लीचा नकाशा तयार होईल. मग पुलावरून आकडा येताच प्रत्येक घराला कळेल, की आता निघायचे, कोणत्या वाटेने आणि कोणाला सोबत घेऊन. येत्या रविवारी कोणकोणत्या गल्ल्या आरंभ करणार, एवढे सांगूनच आपण आज उठावे, ही माझी विनंती आहे.