पिल्लं का निघाली नाहीत? न फुटलेली अंडी फोडून बघा

समजा 30 अंडी ठेवली आणि पिल्लं निघाली 9. लगेच मशीनला शिव्या देऊ नका. सॉफ्टवेअर बिघडलं की आम्ही आधी लॉग वाचतो. इथं लॉग म्हणजे न फुटलेली अंडी. 23व्या दिवशी ती फोडून बघा.

आत नुसताच बलक? मग अंडं फलित नव्हतं, किंवा गर्भ सुरुवातीलाच मेला. साधारण 21 अंशांच्या वर गर्भ मशीनबाहेरच अर्धवट वाढायला लागतो आणि अशक्त होतो. आपल्या मलकापूर-शेगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे नुकसान घरातच होतं. अंडी गार जागी ठेवा, आठवड्याच्या आत मशीनमध्ये लावा.

रक्ताचं कडं दिसतंय? तापमान हललं असेल. लाइन जास्त वेळ गेली, किंवा मीटर चुकीचं दाखवतंय. पंखा असलेल्या मशीनला 37.5 अंश लागतात. दुसऱ्या थर्मामीटरनं पडताळा.

पूर्ण वाढलेलं पिल्लू पडद्याला चिकटून मेलं? बहुतेक हवा कोरडी पडली. 18 दिवस आर्द्रता 50-55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65-70. त्या तीन दिवसांत अंडी फिरवू नका, झाकणही उघडू नका.

कारण कळलं की मगच पुढची बॅच लावा.