खिशातला फोन, बांधावरचा अनुभव



२०२१च्या दिवाळीत मी स्मार्टफोन घेतला. चार एकर कोरडवाहू कापूस-तूर आणि एक बैलजोडी असा आपला संसार. तेव्हा हा अनुभव शेतातला समजा, दुकानातला नव्हे. घेताना विक्रेता कॅमेऱ्याचेच गुण गात होता. बॅटरी ५००० एमएएचची आहे हे मी खोक्यावर वाचून घेतलं, आणि तेच कामी आलं. आमच्याकडे वीज येते तिच्या मर्जीनं. एकदा भरलेला फोन दीड दिवस निघतो.

सर्वांत मोठा उपयोग झाला तो पावसाळी विजेच्या बाबतीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे. आपण असू तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडत असेल, तर ते दाखवतं. २०२४च्या जूनमध्ये सरकी टोबत होतो, तेव्हा इशारा आला. आभाळ नुसतं पश्चिमेला काळवंडलं होतं. बाया म्हणाल्या, "दादा, एवढ्या दोन तासं उरकू द्या." मी ऐकलं नाही. सगळ्यांना घेऊन गावात समाजमंदिरात आलो. अर्ध्या तासात बांधावरच्या लिंबावर वीज पडली. आमच्या भाकरी आणि पाण्याची कळशी त्याच लिंबाखाली होती.

पण रेंज नसेल तर हा इशारा येत नाही. ओढ्याकाठच्या तुकड्यात मला रेंज मिळतच नाही. तिथं गडगडाट कानावर आला की औत सोडायचं, फोनची वाट बघायची नाही.

आता खोडी. चिखलाच्या, ओल्या बोटांना पडदा जुमानत नाही. भर उन्हात त्यावर काही दिसत नाही. किडीचा फोटो फार जवळून काढला तर धूसर येतो. फोन वीतभर लांब धरा, पडद्यावर किडीवर बोट टेकवा, मग काढा. फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हात ठेवू नका. उष्णतेनं बॅटरी लवकर मरते. माझी एक अशीच फुगली.

दुसरं दुखणं जागेचं. २०२३च्या खरिपात ई-पीक पाहणीचे शेवटचे दिवस होते. शेतात उभा राहून कपाशीचा फोटो काढतो, तर जागा शिल्लक नाही! सगळी जागा 'शुभ सकाळ'च्या फुलांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी खाल्लेली. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होते, म्हणून शेजाऱ्याच्या फोनवर दुसऱ्या दिवशी निभावलं. पुढं २०२४मध्ये कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५००० रुपयांची मदत जाहीर झाली, तेव्हा याच नोंदीला किंमत आली. आता मी दर अमावास्येला फोन झाडून काढतो. घरचे हसतात, हसू द्या.

ओटीपी विचारणारा फोन आला तर खुशाल ठेवून द्या. फसगत झालीच, तर लगेच १९३० वर कळवा. त्यात उशीर नको. पिकाची शंका असेल तर किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१. पैसे पडत नाहीत.

आणि हो, काही फोनांत एफएम रेडिओ असतो. इयरफोनची तार लावली की तो इंटरनेटशिवाय लागतो. सगळ्यांत ही सोय नसते, म्हणून घेण्याआधी दुकानातच लावून बघा.