बंडखोराचे दोन मुखवटे

राज्यसत्तेविरुद्ध शस्त्र घेऊन उठणाऱ्या माणसास स्वतःचें चरित्र लिहिण्याची सवड क्वचितच मिळते. त्याचें चित्र रंगवितात तीं वृत्तपत्रें, मुत्सद्दी आणि कादंबरीकार. हीं चित्रें कशीं तयार होतात व त्यांचे परिणाम कोणास भोगावे लागतात, हें १८५७ च्या उदाहरणावरून श्रोत्यांस चांगलें उमगेल.

पहिला प्रश्न नांवाचा. २७ जुलै १८५७ रोजीं डिझरायली यांनीं पार्लमेंटांत विचारलें कीं, हें लष्करी बंड आहे कीं राष्ट्रीय उठाव? वाद शब्दाचा दिसतो, पण तो तेवढाच नव्हता. शिपायांचें बंड म्हटलें कीं काडतुसांपलीकडे कारण शोधावयास नको. उठाव म्हटला कीं खालसा केलेल्या संस्थानांचा आणि साऱ्या राज्यकारभाराचा जाब द्यावा लागतो. सावरकरांनीं १९०९ सालच्या ग्रंथांत त्यालाच स्वातंत्र्यसमर म्हटलें, तेव्हां सरकारनें त्या ग्रंथावर बंदी घातली.

आतां वृत्तपत्रांकडे वळूं. १५ जुलै १८५७ रोजीं कानपुरास बिबीघरांत कैदेंत असलेल्या सुमारें २०० स्त्रिया व मुलें यांची कत्तल झाली. तें कृत्य अघोर होतें. त्याचें समर्थन कोणीही करूं नये. हुकूम नक्की कोणाचा, याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. परंतु इंग्रजी वाचकांपुढें चेहरा एकच राहिला, नानासाहेब पेशव्यांचा. शिवाय स्त्रियांच्या विटंबनेच्या कहाण्या पत्रांतून पसरल्या. विल्यम म्यूर या सरकारी अधिकाऱ्यानेंच चौकशी केली, तेव्हां त्यांस पुरावा आढळला नाहीं. 'टाइम्स'चा बातमीदार रसेल १८५८ सालीं हिंदुस्थानांत आला. त्यालाही अशा अनेक गोष्टींविषयीं शंका वाटूं लागली. पण तोंवर सूड उगवून झाला होता. अलाहाबादेच्या बाजूस तर बिबीघराच्या आधींच, जूनमध्यें, खेडीं जाळून लोकांस फांसावर लटकविलें गेलें होतें. लोकांच्या मनांत मात्र क्रम उलटा ठसला: आधीं राक्षसाचा अत्याचार, मग न्यायाचा दंड.

कादंबरीकारांची तऱ्हा आणखी वेगळी. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यानें १८७५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या कादंबरींत कॅप्टन नेमोचें पूर्वायुष्य सांगितलें. तो बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावांत लढलेला, विद्वान आणि उदार! त्याच व्हर्ननें १८८० सालच्या दुसऱ्या कादंबरींत नानासाहेबास सूडानें पेटलेला खलपुरुष केलें. लेखक एक, उठावही एक. काल्पनिक बंडखोर वंद्य ठरला आणि खरा बंडखोर निंद्य ठरला. कथेस जसें पात्र हवें, तसा मुखवटा मिळाला.

या गलबल्यांत एक साधा आवाज मराठींत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे गेले आणि झांशीच्या वेढ्यांत सांपडले. 'माझा प्रवास' या त्यांच्या वृत्तांतांत शौर्य आहे तशी लूट आहे, आणि भुकेनें व भयानें गांजलेलीं सामान्य माणसेंही आहेत. तेंही पुस्तक १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं प्रसिद्ध केलें, तें फेरफार करूनच. मूळ संहिता वाचकांस मिळाली ती १९६६ सालीं, दत्तो वामन पोतदारांमुळें. म्हणजे आपल्या माणसाच्या साक्षीवरही संपादकाचा हात फिरतोच.

बंडखोराचें दैवत करणें हा यावरील उपाय नव्हे. तसें केल्यास बिबीघरांतील मुलें विस्मृतींत जातात. त्यास राक्षस ठरविलें, तर जळालेलीं खेडीं विस्मृतींत जातात. कोणत्याही देशांतील बंडाची बातमी हातीं आली म्हणजे सुज्ञ वाचकानें तीन गोष्टी विचाराव्या: हें नांव कोणीं दिलें, आधीं काय घडलें, आणि कोणाची साक्ष घेतलीच नाहीं? यांचीं उत्तरें मिळेपर्यंत त्यानें आपला निकाल राखून ठेवावा.